शिकार, नाशिक परिसरातील

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या रांगांत आणि पूर्वेकडील माळरानांत वन्य पशूंची जी पारध होत असे तिचा, तसेच तिच्यावर वेळोवेळी घातल्या गेलेल्या निर्बंधांचा इतिहास. भारतात शिकार ही आज कायद्याने बंद झालेली गोष्ट आहे. तथापि राजांचा विहार, डोंगरी जमातींचे उपजीविकेचे साधन, इंग्रज अधिकाऱ्यांचा छंद आणि अखेर दंडनीय अपराध अशी तिची जी स्थित्यंतरे झाली, ती या एका जिल्ह्यात बरीचशी स्पष्ट दिसतात. अरण्य कोणाचे आणि त्यातील जनावर कोणाचे, हा प्रश्न या सर्व स्थित्यंतरांच्या मुळाशी आहे.

मुख्य सह्याद्री उत्तर-दक्षिण धावतो व त्यातून सेलबारी-डोलबारी, सातमाळा, त्र्यंबक आणि कळसूबाई या रांगा पूर्वेकडे फुटतात. साल्हेर (उंची १,५६७ मी.) आणि जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील कळसूबाई (१,६४६ मी.) ही येथील उंच शिखरे होत. काळ्या पाषाणाचे एकावर एक थर असल्यामुळे डोंगरांना पायऱ्यांसारखे कडे आहेत. दोन कड्यांमधील उतारांवर व घळींत साग, ऐन, धावडा, खैर, हिरडा अशी झाडे आणि त्यांच्या सावलीत कारवीचे दाट रान आढळते. पेठ, सुरगाणा, इगतपुरी व त्र्यंबकेश्वर हा भाग अतिपावसाचा, तर येवला, नांदगाव, सिन्नर हा भाग पर्जन्यछायेतील उघड्या माळांचा. त्यामुळे सांबर, भेकर, अस्वल, बिबळ्या व पूर्वी वाघ ही जनावरे पश्चिमेस, तर काळवीट, चिंकारा व लांडगा ही पूर्वेस अशी सर्वसाधारण विभागणी होती. शिकारीच्या पद्धतीही या विभागणीप्रमाणे भिन्न होत्या.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : नाशिकची सर्वांत प्रसिद्ध शिकार ही कथेतील आहे. पंचवटीतील पर्णकुटीतून सुवर्णमृगाच्या मागे निघालेल्या रामाची कथा या गावाच्या प्रत्येक वाटेशी जोडली गेली आहे. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथे रामाने मारीचाला बाण मारला अशी स्थानिक परंपरा असून तेथील शिवालयास मृगव्याधेश्वर असे नाव आहे. या कथेत शिकारीस निघणाऱ्याला जनावर लांबलांब ओढत नेते आणि मागे घर उघडे पडते. डोंगरात माग काढणाऱ्या कोणत्याही पारध्याला हा अनुभव अपरिचित नसावा.

ऐतिहासिक पुराव्यांपैकी सर्वांत जुना पुरावा नाशिकपासून घाटाखाली सोपारा येथे मिळाला आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, त्यांत मृगया व तत्सम करमणुकी असत, आपण मात्र त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या, असा या आठव्या लेखाचा आशय आहे. सोपारा बंदरातून देशावर येणारा प्राचीन व्यापारी मार्ग थळ घाटातून नाशिककडे जात असे. तेव्हा राजाच्या शिकारीविषयीची राजाज्ञा या मार्गाच्या तोंडाशीच कोरलेली होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढील राजांनी ती मानली असे दिसत नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लास या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेला स्वतंत्र स्थान दिले आहे. मोगलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. त्या काळी दख्खनच्या माळांवर काळविटांवर चित्ते सोडण्याचा प्रघात होता. पेशव्यांचा शिकारखाना पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी होता व सवाई माधवरावाला त्याचे वेड होते. मात्र हा शिकारखाना म्हणजे मुख्यतः जनावरे पाळण्याचे व पाहण्याचे ठिकाण होते. गंगाराम तांबट या चित्रकाराने तेथील गेंडा, सिंह इत्यादींची चित्रे इंग्रज वकील मॅलेट याच्यासाठी काढली.

डोंगरी जमातींची पारध : राजांच्या शिकारीहून जुनी आणि तिच्यापेक्षा अधिक सातत्याची अशी पारध महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकूर, कातकरी व भिल्ल या जमातींची होती. नागली, वरई यांसारखी पिके डोंगरउतारावर काढावयाची आणि ती पिकली की रात्री सांबरे व रानडुकरे शेतात उतरावयाची, हा वर्षाचा क्रम होता. त्यामुळे पीक राखणे व मांस मिळवणे ही एकाच माळ्यावरून होणारी कामे होती. तिरकमठा, भाला, गोफण, फासे, वाघूर ही येथील साधने. ठासणीची बंदूक एखाद्याकडेच असे. होळीच्या सुमारास पाने झडून रान उघडे झाले की अनेक गावे मिळून सामूहिक पारध करीत. मिळालेल्या मांसाचे वाटे गावात पडत. प्रथम जखम करणाऱ्याचा, कुत्रेवाल्याचा व देवाचा वाटा वेगळा काढण्याची रीत सर्वसाधारणपणे आढळते. हाक्यात नुसता ओरडणाराही वाट्याचा धनी असे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. कारण पुढील काळात नेमकी हीच गोष्ट बदलली.

वाघाशी या लोकांचे नाते केवळ वैराचे नव्हते. पेठ, सुरगाणा व त्यांस लागून असलेल्या डांग भागात सूर्य, चंद्र, नाग व वाघ कोरलेले लाकडी खांब सीमेवर उभे करतात. हाच वाघदेव. आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे इतरत्र वसुबारस साजरी होते त्या दिवशी, डोंगरात वाघबारस पाळतात आणि गुरांचे रक्षण करावे म्हणून वाघदेवाला नैवेद्य दाखवितात. ज्याची पूजा करावयाची त्याची शिकार प्रसंग पडला तर करावयाची, यात या लोकांना विसंगती वाटत नसे.

पूर्वेकडील माळावर फासेपारधी ही फिरती जमात होती. केसांचे वा तातीचे फासे, शिकविलेल्या गुरांच्या आडून काळविटाजवळ सरकण्याची हातोटी आणि पक्ष्यांच्या हुबेहूब बोलीची नक्कल यांबद्दल ती प्रसिद्ध होती. गुन्हेगार जमातींविषयक कायद्याखाली तिला जन्मतःच संशयित ठरविण्यात आले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, परंतु कलंक तसाच राहिला. आणि पुढे वीस वर्षांनी तिचा परंपरागत व्यवसायच अपराध ठरला.

इंग्रजी अंमल : १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर खानदेशातील भिल्लांचा बंदोबस्त हा कंपनी सरकारपुढील मोठा प्रश्न होता. आज नाशिक जिल्ह्यात असलेले मालेगाव, बागलाण, नांदगाव हे भाग तेव्हा खानदेशात मोडत. स्वतंत्र नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला. मुंबईचा गव्हर्नर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याच्या धोरणानुसार १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्लांचे पथक उभारण्यास आरंभ केला. लष्करी कवाईतीपेक्षा शिकारीने त्याला अधिक साहाय्य केले. तो भिल्लांबरोबर पायी हिंडे, त्यांच्या मागावर विश्वास ठेवी आणि जखमी वाघाच्या मागे स्वतः जाळीत शिरे. दहा वर्षांच्या अवधीत त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक वाघ मारले. एका मुलखातून एवढे वाघ गेले, आणि त्याच काळात एक लढाऊ जमात सरकारच्या नोकरीत आली. इंग्रज चरित्रकार दुसऱ्या गोष्टीचे कौतुक करतात. पहिल्या गोष्टीची किंमत कोणी मोजली नाही.

रानाचे ज्ञान दोन्ही बाजूंना उपयोगी पडते, याचा प्रत्यय १८५७ मध्ये आला. ऑक्टोबर १८५७ मध्ये सिन्नरजवळील नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईक याच्या भिल्लांनी पोलीस अधीक्षक हेन्री याला ठार केले. त्यानंतर भागोजी दोन वर्षे डोंगरांच्या आश्रयाने लढत राहिला व नोव्हेंबर १८५९ मध्ये तो मारला गेला. त्याच सुमारास कॅप्टन नटॉल याने महादेव कोळ्यांचे पथक उभारले, कारण डोंगरातील वाटा व माग त्यांनाच ठाऊक होते. १८७८ हे वर्ष दुहेरी महत्त्वाचे होय. या वर्षी झालेल्या शस्त्रास्त्र कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरला आणि त्याच वर्षीच्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगले निर्माण झाली. राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे, फासे लावणे, मासे धरणे वा पाण्यात विष कालवणे यांस मनाई झाली. त्याच साली पेठ संस्थान खालसा होऊन तेथील अरण्यही सरकारच्या थेट अंमलाखाली आले. डोंगरातल्या माणसाच्या हातून बंदूक आणि रान ही दोन्ही एकदम गेली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

थळ घाटातून लोहमार्ग १८६५ मध्ये इगतपुरीपर्यंत आला. त्यामुळे सागाच्या लाकडाला मागणी वाढली आणि मुंबईचा हौशी शिकारी एका रात्रीत सह्याद्रीच्या माथ्यावर येऊ लागला. देवळालीच्या लष्करी छावणीतील अधिकारी तर जवळच होते. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. तिच्या आरंभीच्या सभासदांत शिकाऱ्यांचा भरणा मोठा होता व तिच्या नियतकालिकात शिंगांची मापे आणि जनावरांच्या सवयी यांवरील टिपणे शेजारी शेजारी छापली जात. या सोसायटीने १९११ मध्ये हाती घेतलेल्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीचा पहिला अहवाल खानदेशाविषयीचा आहे. आज वन्य जीवांचा अभ्यास म्हणून जे ओळखले जाते त्याची बरीचशी पायाभरणी बंदुकीच्या साहाय्याने झाली, हे नाकारता येत नाही.

सांबराची शिकार : पश्चिमेकडील डोंगरात शिकाऱ्याचे मुख्य लक्ष्य वाघाखालोखाल सांबर (रुसा युनिकलर) हे असे. इंग्रज शिकारी, विशेषतः श्रीलंकेतील व दक्षिण भारतातील, सांबराला ‘एल्क’ म्हणत. वास्तविक हे नाव यूरोपात मूस या प्राण्याला व उत्तर अमेरिकेत वापिटी या मोठ्या हरणाला लावतात. सांबर हे भारतातील सर्वांत मोठे हरिण होय. नराची खांद्याजवळची उंची १२० ते १५० सेंमी. असते व पूर्ण वाढलेल्या नराचे वजन २०० ते ३०० किग्रॅ.पर्यंत भरते. शिंगांना प्रत्येकी तीन शाखा असून ती दरवर्षी गळून पुन्हा येतात. ते दिवसा दाट सावलीत बसून राहते, रात्री चरते आणि पहाटे परत चढते. त्याचे कान व नाक अतिशय तीक्ष्ण असतात. धोक्याची जाणीव होताच ते पाय आपटून मोठ्याने ओरडते व सारे रान सावध करते.

प्रथमच सांबराच्या शिकारीस निघणाऱ्याला महिना निवडण्यापासून अडचण येत असे. पावसाळ्यात घाटमाथ्यावरचे रान अक्षरशः बंद असते. पावसाळा संपल्यावर नराची शिंगे मखमली आवरण टाकून कठीण होतात. मार्गशीर्ष-पौषात माजाचा काळ असल्याने नर बेसावधही असतो. परंतु तेव्हा गवत पुरुषभर उंच आणि कारवी हिरवी असल्याने वीस पावलांवरचे जनावर दिसत नाही. फाल्गुन-चैत्रात पाने झडतात, पाणवठे आटून मोजकेच उरतात व माग धुळीत स्वच्छ उमटतो. पण नेमकी याच सुमारास शिंगे गळतात. म्हणून जाणते शिकारी माघाचा उत्तरार्ध पसंत करीत. गवत तेव्हा वाळून आडवे होऊ लागलेले असते आणि शिंगे अजून डोक्यावर असतात. हा काळ दोन-तीन आठवड्यांहून मोठा नसे.

त्यानंतर परवाना. राखीव जंगलाचे शिकारीसाठी विभाग पाडलेले असत व वन खात्याकडून एक विभाग ठराविक दिवसांसाठी एकाच मंडळीला मिळे. किती जनावरे मारावयाची याची मर्यादा परवान्यात असे. माद्या, पिल्ले व शिंगांवर मखमल असलेले नर मारण्यास मनाई असे. अर्ज अनेक महिने आधी करावा लागे आणि चांगले विभाग कोणाला मिळत, हे अर्जदाराच्या हुद्द्यावर पुष्कळसे अवलंबून असे. रेल्वे स्थानकापासून पुढे बैलगाडी, गाडीवाट संपली की डोक्यावरचे ओझे, अशा रीतीने तंबू, शिधा व पाणी न्यावे लागे. दख्खनच्या उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न इतका बिकट असे की, तळाची जागा जनावरांच्या पाणवठ्यावरच धरण्याचा मोह होई. असे करणारा नवशिका दोन दिवसांत रान रिकामे करून बसे.

डोंगरातील वाऱ्याचे गणित हे त्यापुढचे. रात्री व पहाटे थंड हवा घळीतून खाली वाहते, ऊन चढले की तीच वर चढू लागते. म्हणून पहाटे खालून वर आणि उन्हे चढल्यावर वरून खाली जनावराकडे जावे, हा नियम स्थानिक शिकारी न सांगता पाळीत. मधली तासाभराची वेळ, जेव्हा वारा ठरत नाही, ते चिलीम ओढण्यात घालवीत. चिलमीचा धूर कोठे जातो हे पाहणे हाही त्यातील एक हेतू असे. कड्यांमुळे जनावरांच्या वाटा ठरलेल्या असतात. एका थरावरून दुसऱ्यावर जाण्यास फार तर दोन-तीन फटी असतात आणि त्यांवर बसले की रान आपोआप लहान होते. या फटी ज्याला ठाऊक त्याच्या हाती शिकार असे. तो बहुधा कोळी किंवा ठाकूर असे. मारलेल्या जनावराबरोबर निघालेल्या छायाचित्रात तो एका कडेला उकिडवा बसलेला दिसतो आणि त्याचे नाव खाली लिहिलेले नसते.

हाका हा दुसरा प्रकार. पन्नास-शंभर माणसे ओळीने ढोल व डबे वाजवीत रान उठवीत, बाजूंना झाडांवर बसविलेली माणसे टाळ्या वा खोकल्याने जनावर वळवीत आणि खिंडीत मचाणावर बंदूकवाले थांबत. जखमी अस्वल किंवा बिबळ्या हाकाऱ्यांच्या ओळीत घुसण्याचा धोका मोठा असे. हाकाऱ्यांना मजुरी देण्याचा नियम होता. प्रत्यक्षात ती मजुरी मधल्या माणसांच्या हातातून झिरपत येई, किंवा येतच नसे. फिरतीवरील अधिकाऱ्याची सरबराई करणे, लाकूडफाटा व गवत पुरविणे, ओझी वाहणे ही वेठ पाटील गावावर लादी आणि तीत वतनदार महारांचा वाटा सर्वांत मोठा असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी जे विधेयक मांडले त्याच्या पार्श्वभूमीत अशी सर्व प्रकारची वेठ होती. ज्या हाक्यात पूर्वी प्रत्येकाचा वाटा असे त्यात आता मांसाचा तुकडा ही साहेबाची बक्षिसी झाली.

सांबर पडल्यावरचे काम शिकारीपेक्षा कष्टाचे असे, हे हौशी माणसाच्या लक्षात उशिरा येई. अडीचशे किलोचे धूड घळीतून माथ्यावर आणण्यास दहा-बारा माणसेही कमी पडत. म्हणून ते जागच्या जागी सोलून तुकडे करीत. उन्हात मांस काही तासांत खराब होते. त्यामुळे लांब न्यावयाचे ते पट्ट्या करून वाळवीत. कातडे मऊ व टिकाऊ असल्याने त्याला चांगली किंमत येई. जेथून आणता येणार नाही तेथे गोळी घालू नये आणि जखमी जनावर सोडून तळावर परतू नये, हे दोन दंडक चांगले शिकारी कटाक्षाने पाळीत. न पाळणारेही पुष्कळ होते.

निर्बंधांचा विस्तार व शिकारबंदी : वन्य पक्ष्यांच्या रक्षणासाठी १८८७ मध्ये व पक्षी आणि पशू या दोहोंसाठी १९१२ मध्ये कायदा झाला. त्यांचा भर विणीच्या हंगामात मारण्यास मनाई करण्यावर होता. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगलातील शिकारीवरील निर्बंध कायम राहिले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशू व पक्षी संरक्षणाचा व्यापक कायदा केला आणि परवाने, बंद हंगाम व अभयारण्ये यांची तरतूद एकत्र आणली. तथापि त्याच दशकांत जीपगाडी व प्रखर विजेऱ्या आल्या. रात्री रस्त्यावरून प्रकाशझोत टाकून डोळे चमकले की गोळी घालण्याच्या या प्रकाराने काळविटांचे व सांबरांचे जे नुकसान केले ते पूर्वीच्या दोन पिढ्यांच्या शिकारीने केले नसावे. त्यास शिकार म्हणणेही कठीण आहे. संस्थानांचे विलीनीकरण, शेतीचा विस्तार आणि धरणे यांमुळे अरण्यही आक्रसत गेले. सुरगाणा संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले.

वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये देशभर बंदी आली आणि १९७२ मध्ये वन्य जीव (संरक्षण) कायदा संमत झाला. या कायद्याने सर्व शिकार तत्काळ थांबली, ही समजूत बरोबर नाही. मूळ कायद्यात काही अनुसूचींमधील जनावरांसाठी शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती व सांबर त्यांतच होते. ती तरतूद १९९१ च्या दुरुस्तीने गेली. आज माणसाच्या जिवाला धोका निर्माण झाल्यास किंवा पिकांचे नुकसान होत असल्यास, तेही कायद्यात सांगितलेल्या मर्यादेत, अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच वन्य प्राणी मारता येतो.

उत्तर अमेरिकेतील घटनाक्रम याहून वेगळा आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापिटी हरिण बहुतेक प्रदेशांतून नाहीसे झाले होते. परंतु सार्वजनिक मालकीच्या अरण्यांत सामान्य नागरिकाला परवान्याने शिकारीचा हक्क ठेवून, परवान्यांचे शुल्क व १९३७ च्या कायद्याने शस्त्रांवरील कराचा पैसा प्राण्यांच्या पुनर्वसनाकडे वळविण्यात आला आणि कळप पुन्हा वाढले. भारतात राखीव जंगल सार्वजनिक म्हणविले गेले तरी त्यातील शिकार मूठभरांचीच राहिली. त्यामुळे तिच्यावर बंदी येताना तिच्या बाजूने बोलणारा मोठा वर्ग नव्हता आणि ज्यांचे खरोखर काही गेले त्यांना कोणी विचारले नाही. अमेरिकेतील पद्धत येथे चालली असती काय, हा वेगळा प्रश्न आहे. दाट लोकवस्ती व अपुरे रान पाहता तसे वाटत नाही.

बंदीनंतरच्या काळात जिल्ह्याच्या लगत अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर ही अभयारण्ये १९८६ मध्ये घोषित झाली. नांदूर मधमेश्वर हे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. मृगव्याधाच्या त्या ठिकाणी आता हिवाळ्यात परदेशी पाणपक्षी निर्धास्त उतरतात. येवला तालुक्यातील ममदापूर परिसर काळविटांसाठी राखून ठेवला आहे. नाशिकजवळील बोरगड हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. जिल्ह्यात वाघाची वस्ती राहिलेली नाही. बिबळ्याने मात्र निफाड, सिन्नर, दिंडोरी या भागांतील उसाच्या शेतांत आपले नवे रान शोधले असून माणसांवरील हल्ल्यांमुळे तो प्रशासनापुढील कायमचा प्रश्न होऊन बसला आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००८ पासून सांबराची गणना संकटप्रवण जातींत केली आहे.

मराठीत शिकारीचे स्वतंत्र वाङ्मय थोडे आहे. बंदूक घेऊन रानात गेलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनी (१९२७–२००१) पुढे दुर्बीण व चित्रवही हाती घेतली. वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी पारधी व आदिवासी यांच्या तोंडचे जनावरांविषयीचे शब्द गोळा करून लेखनात आणले. हे शब्द वापरणारी पिढी सरत आल्याने या संग्रहाचे मोल मोठे आहे.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांचे हक्क मान्य करणारा कायदा २००६ मध्ये झाला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्च्यात सुरगाणा, पेठ भागांतील आदिवासी मोठ्या संख्येने होते व या कायद्याखालील वनजमिनींचे दावे ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. या कायद्याने जमीन, गौण वनोपज, चराई, मासेमारी व इतर परंपरागत हक्क मान्य केले आहेत. मात्र शिकार करण्याचा, फासे लावण्याचा वा वन्य प्राण्याच्या शरीराचा कोणताही भाग काढून घेण्याचा परंपरागत हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला आहे.